वाहनांचे कार्यक्षमतावर्धक सुटे भाग आणि विश्वसनीय सल्ला : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मोटारीची गती, पकड, प्रकाश किंवा ओढ वाढावी म्हणून बसविले जाणारे सुटे भाग घेताना ग्राहक वस्तूबरोबर सल्लाही विकत घेत असतो. वस्तूची किंमत बिलावर येते. सल्ल्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. प्रस्तुत लेखात या सल्ल्याचे स्वरूप, तो चुकण्याची कारणे, तो पडताळून पाहण्याची साधने आणि त्याला कायद्याने दिलेले स्थान यांचे विवेचन केले आहे. ग्राहकाने वस्तूचे नाव सांगून ती मागण्याऐवजी आपली गरज सांगितली आणि त्या गरजेची नोंद बिलावर करून घेतली, तर सल्ला देणाऱ्याची जबाबदारी निश्चित होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : सुटे भाग, माहितीची विषमता, गर्भित शर्त, उत्पादन दायित्व, ग्राहक संरक्षण.

१. प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांचा हा जिल्हा प्रामुख्याने शेतीवर अवलंबून आहे. हळद, सोयाबीन, कापूस आणि ऊस यांच्या उत्पन्नातून येथे जी वाहने येतात, ती 'एमएच-३८' या संकेताने नोंदली जातात. घरातील मोटार ही अशा कुटुंबात हौसेची वस्तू असतेच. परंतु दवाखाना, बाजार, लग्नकार्य आणि मुलांचे शिक्षण या सर्वांसाठी तीच एक गाडी धावत असते. त्यामुळे तिच्यात केलेला फेरफार फसला, तर त्याची झळ संपूर्ण कुटुंबाला बसते.

गाडी घेतल्यानंतर ती 'मॉडिफाय' करण्याची प्रवृत्ती तरुण वर्गात विशेष दिसते. रुंद टायर, अलॉय चाके, जादा प्रकाशाचे दिवे, मोठ्या आवाजाचे सायलेन्सर, वेगळ्या जातीचे ब्रेक पॅड, खुले एअर फिल्टर आणि इंजिनाच्या संगणकीय नियंत्रकातील फेरबदल ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. या सर्वांना प्रस्तुत लेखात 'कार्यक्षमतावर्धक भाग' असे संबोधले आहे. असे भाग एक तर मोठ्या शहरांच्या घाऊक बाजारातून येतात किंवा ऑनलाइन मागवून घरपोच मिळतात. बनविणारा दूर असतो. ग्राहकाच्या समोर असतो तो दुकानदार, गॅरेजचा मिस्त्री आणि आधी तोच भाग बसविलेला एखादा मित्र. सल्ला मिळतो तो यांच्याकडूनच.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

सदर लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) सुट्या भागांच्या खरेदीत सल्ल्याची गरज का निर्माण होते, हे स्पष्ट करणे. (२) सल्ला पडताळण्याची तांत्रिक साधने मांडणे. (३) सल्ल्याचे कायदेशीर मूल्य तपासणे. (४) महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोगे उपाय सुचविणे. लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो कायद्यातील तरतुदी, न्यायनिर्णय आणि प्रस्थापित तांत्रिक माहिती यांवर आधारलेला आहे.

३. सल्ल्याची गरज : अर्थशास्त्रीय भूमिका

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन माहितीच्या विषमतेचा सिद्धांत मांडला. विक्रेत्याला मालाचा दर्जा माहीत असतो, ग्राहकाला नसतो. अशा बाजारात चांगल्या व वाईट मालाला एकच भाव मिळू लागतो आणि चांगला माल हळूहळू बाजाराबाहेर जातो. या क्षेत्रातील कार्याबद्दल अ‍ॅकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुट्या भागांच्या दुकानात 'ओरिजिनल', 'फर्स्ट कॉपी' आणि 'लोकल' असे तीन भाव ऐकू येतात, तेव्हा हाच सिद्धांत व्यवहारात दिसत असतो. डब्यावरून तिन्हींतला फरक ओळखता येत नसेल, तर ग्राहक स्वस्ताकडे वळतो.

त्याच काळात फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे दोन प्रकार सांगितले (१९७०) : पाहून पारखता येणाऱ्या आणि वापरून पारखता येणाऱ्या. डार्बी व कार्नी यांनी १९७३ मध्ये तिसरा प्रकार त्यात जोडला. या प्रकारातील गुण वापरानंतरही ग्राहकाला नीट कळत नाहीत. त्यासाठी त्याला दुसऱ्यावर विश्वासच ठेवावा लागतो. सीट कव्हर पहिल्या प्रकारात मोडते, हॉर्न दुसऱ्या, तर ब्रेक पॅड तिसऱ्या. पॅड बसविल्यानंतर वर्षभर गाडी नीट थांबली, एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही. उतारावर, भरलेल्या गाडीत, सलग ब्रेक दाबण्याची वेळ येते तेव्हाच त्याची खरी परीक्षा होते, आणि त्या वेळी चूक सुधारण्यास अवधी नसतो. बहुतेक कार्यक्षमतावर्धक भाग या तिसऱ्या प्रकारातील असल्यामुळे येथे सल्ल्याला वस्तूइतकेच महत्त्व प्राप्त होते.

४. सल्लागार आणि त्यांचे हितसंबंध

सल्ला देणाऱ्या प्रत्येकाची जाण व हितसंबंध भिन्न असतात. दुकानदाराला मालाची माहिती असते, परंतु त्याच्याकडे जो माल शिल्लक आहे त्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. मिस्त्रीचा हात गाडीवर रोज फिरत असतो. गाडीचे दुखणे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही. मात्र जेथे मिस्त्रीच्या चिठ्ठीवर झालेल्या खरेदीत त्याला कमिशन मिळते, तेथे त्याच्या शिफारशीचे मूल्य तेवढ्या प्रमाणात कमी होते. अधिकृत सेवा केंद्र कंपनीच्या भागांव्यतिरिक्त दुसरे काही सुचवीत नाही. त्याचा सल्ला महाग पडतो, पण तो कंपनीच्या वॉरंटीशी सुसंगत असतो. मित्राचा सल्ला बहुधा निःस्वार्थ असतो. परंतु तो एका गाडीच्या अनुभवावर बेतलेला असतो, आणि स्वतः केलेला खर्च वाया गेला असे सहसा कोणी म्हणत नाही.

व्हिडिओतून भागांची परीक्षणे करणाऱ्यांचा प्रभावही अलीकडे वाढला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार, शिफारस करणारा व विक्रेता यांच्यात आर्थिक वा अन्य महत्त्वाचा संबंध असल्यास तो उघड करणे आवश्यक आहे. तात्पर्य, हितसंबंध असणे हा दोष नव्हे. तो लपविणे हा दोष होय. "हा भाग मी घेतला तर आपल्याला काही मिळते का?" हा प्रश्न उद्धट वाटला तरी विचारण्याजोगा आहे. त्याचप्रमाणे "हा भाग कोणत्या गाडीला बसवू नये?" असे विचारून पाहावे. ज्याला आपल्या मालाच्या मर्यादा सांगता येतात, त्याचा सल्ला ऐकण्यास हरकत नसते.

५. सल्ला पडताळण्याची साधने

कोणताही सल्ला छापील खुणेशी ताडून पाहता आला पाहिजे. पुढील चार उदाहरणांवरून ही पद्धत स्पष्ट होईल.

(अ) टायर : '१८५/६५ आर १५ ८८ एच' या खुणेत १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ हे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी शेकडा प्रमाण आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास होय. '८८' हा भारांक एका टायरला ५६० किलोग्रॅम, तर 'एच' हे अक्षर ताशी २१० किलोमीटर ही मर्यादा दर्शविते. या टायरचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याऐवजी २०५/६५ आर १५ बसविल्यास व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ४.२ टक्के अधिक होतो. वेगमापकाचा काटा ताशी ८० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात त्याच प्रमाणात अधिक वेगाने, म्हणजे मूळ टायरवर ८० असेल तेथे सुमारे ८३ ने धावते. याउलट १९५/६० आर १५ चा व्यास ६१५ मिलिमीटर असून फरक केवळ एक टक्क्याच्या आसपास आहे. "रुंद टायर घ्या, पकड वाढते" एवढाच सल्ला अपुरा का असतो, हे या साध्या गणितावरून लक्षात येते. भारांक कमी झाला तर धोका अधिक गंभीर असतो. ८२ भारांकाचा टायर ४७५ किलोग्रॅमच पेलतो, म्हणजे चार टायर मिळून क्षमता २२४० वरून १९०० किलोग्रॅमवर येते. टायरवरील चार आकडी खुणेतील पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढील दोन अंक वर्ष सांगतात. दुकानात पडून जुना झालेला टायर त्यावरून ओळखता येतो.

(आ) दिवे : अनेक मोटारींत 'एच-४' जातीचा ६०/५५ वॅटचा दिवा असतो. त्यातील तारेची जागा लक्षात घेऊनच मागील परावर्तकाचा आकार ठरविलेला असतो. त्याच साच्यात दुसऱ्या रचनेचा एलईडी दिवा बसविला की प्रकाशाचा उगम मूळ जागेवरून सरकतो आणि 'डिपर'वर असतानाही झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडीच्या मालकाला प्रकाश वाढल्यासारखा वाटतो, कारण जवळचा रस्ता उजळतो. दूरचा रस्ता मात्र पूर्वीइतका दिसेलच असे नाही. वसमत परिसरात गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले, तर पुढे चाललेली ट्रॉली त्याला दिसत नाही. एका ग्राहकाला मिळालेल्या चुकीच्या सल्ल्याची किंमत येथे भलताच कोणी मोजतो.

(इ) ब्रेक : स्पर्धेच्या गाड्यांसाठीचे ब्रेक पॅड उच्च तापमानाला टिकून राहावेत अशा रीतीने बनविलेले असतात. ते तापल्यावर उत्तम पकड देतात. परंतु थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षा कमी असू शकते. घर ते बाजार अशा लहान फेऱ्यांत पॅड तापतच नाहीत. ब्रेक तेलाबाबतही असेच आहे. 'डॉट ३' व 'डॉट ४' ही तेले ग्लायकॉलवर आधारित असून हवेतील ओलावा शोषतात. ताज्या तेलाचा किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५ व २३० अंश सेल्सिअस ठरविलेला आहे. 'डॉट ५' मात्र सिलिकॉनचे असल्याने त्यांत मिसळता येत नाही. आकडा मोठा म्हणजे माल उत्तम, हा समज येथे घातक ठरतो.

(ई) इंजिन तेल : बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. त्यासाठी 'जासो एमए' किंवा 'एमए २' दर्जाचे तेल लागते. मोटारीसाठीचे, घर्षण कमी करणारी द्रव्ये असलेले महाग तेल त्यात घातले, तर क्लच घसरू लागतो. तेल नकली नसते आणि विकणारा खोटेही बोलत नसतो. चुकते ती केवळ सांगड.

या चारही उदाहरणांतून एक सूत्र निघते. 'चांगला भाग' अशी स्वतंत्र वस्तू नसते. विशिष्ट गाडीला, विशिष्ट वापरासाठी योग्य भाग असतो. गाडीच्या मालकपुस्तिकेत टायरचे माप, तेलाचा दर्जा व दिव्याची जात दिलेली असते. तोंडी सल्ला त्या नोंदीपासून जितका दूर जातो, तितके त्याचे कारण विचारणे आवश्यक ठरते. आयएसआय चिन्ह असलेल्या वस्तूवरील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर तपासता येतो. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. हा मजकूर नसलेला डबा स्वस्त का आहे, याचे उत्तर त्या कोऱ्या जागेतच असते.

६. फेरफाराची कायदेशीर मर्यादा

उत्तम सल्लाही कायद्याच्या चौकटीबाहेरचा असू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात या तरतुदीचा अर्थ अधिक स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा म्हणून अधिसूचित झालेला, परंतु मानकांत न बसणारा भाग विकणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

सायलेन्सर बदलल्यावर पोलिसांचा दंड ग्राहक भरतो, विकणारा नव्हे. गाडीवर वेगळे सामान बसविल्याचे विमा कंपनीला न कळविल्यास अपघातानंतर दाव्याबाबत वाद उद्भवू शकतो. सीएनजी किट व मूळ किमतीत न धरलेली विद्युत उपकरणे यांसाठी विमापत्रात स्वतंत्र नोंद असते, ती याच कारणासाठी. म्हणून "हे बसविल्यावर नोंदणी, विमा आणि वॉरंटी यांचे काय होईल?" या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ नाही, त्याचा सल्ला अपूर्ण समजावा.

७. सल्ल्याचे कायदेशीर मूल्य

'खरेदीदाराने सावध राहावे' हे व्यापारी कायद्याचे जुने तत्त्व सर्वपरिचित आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ ने त्याला महत्त्वाचा अपवाद केला आहे. ग्राहकाने आपला विशिष्ट हेतू विक्रेत्याला कळविला, त्यावरून तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून आहे हे दिसून आले, आणि तो माल विकणे हा विक्रेत्याचा नित्याचा व्यवसाय असला, तर माल त्या हेतूस वाजवीपणे योग्य असला पाहिजे अशी गर्भित शर्त करारात आपोआप येते. परंतु ठरावीक वस्तू तिच्या व्यापारी नावाने मागितली असल्यास हे संरक्षण सामान्यतः मिळत नाही.

या तरतुदीचे मूळ १८९३ च्या इंग्रजी कायद्यात आहे आणि तिचा गाजलेला निर्णय योगायोगाने वेगवान मोटारीविषयीच आहे. १९२५ च्या विधि-अहवालात प्रसिद्ध झालेल्या बाल्ड्री विरुद्ध मार्शल या खटल्यात ग्राहकाने विक्रेत्यांना आरामशीर व सामान्य प्रवासास योग्य गाडी हवी असल्याचे सांगितले होते. विक्रेत्यांनी बुगाटी सुचविली. ती वेगवान असली तरी त्या कामास अयोग्य निघाली. करारात बुगाटी हे नाव होते, हमी नाकारणारे कलमही होते. तरीही न्यायालयाने निकाल ग्राहकाच्या बाजूने दिला. कारण ग्राहकाने गरज सांगितली होती आणि निवड विक्रेत्यावर सोपविली होती. इंग्रजी निर्णय भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसले, तरी समान शब्दांच्या तरतुदीचा अर्थ समजण्यास ते उपयुक्त ठरतात.

दुकानातील दोन वाक्यांत यामुळे मोठे अंतर पडते. "अमुक कंपनीचे पॅड द्या" असे म्हणणारा ग्राहक निवडीची जबाबदारी स्वतःवर घेतो. "अमुक वर्षाची अमुक गाडी आहे, पाच माणसे व सामान घेऊन घाटातून जावे लागते, योग्य पॅड द्या" असे म्हणणारा ग्राहक ती जबाबदारी विक्रेत्याकडे देतो. वाद झाल्यास मात्र हे दुसरे वाक्य सिद्ध करावे लागते; म्हणून गाडीचे मॉडेल, वर्ष व वापराचा हेतू पक्क्या बिलावर लिहून घेणे हिताचे होय.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने या भूमिकेला अधिक बळ दिले. बिल न देणे ही आता अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद मुदतीत, आणि मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. सदोष उत्पादनामुळे इजा वा अन्य हानी झाल्यास काही परिस्थितींत उत्पादकाबरोबर विक्रेताही जबाबदार असतो : त्याने उत्पादकाहून वेगळी हमी दिली असेल, भागात स्वतः बदल केला असेल, जोडणीत वा तपासणीत वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा मूळ उत्पादक कोण हेच कळत नसेल. 'लोकल' माल विकणाऱ्या दुकानदारासाठी यातील शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. मात्र हानीच्या वेळी ग्राहकानेच त्या भागात फेरफार वा गैरवापर केला असल्यास विक्रेत्यावर असा दावा करता येत नाही.

काळी-पिवळी जीप चालवून पोट भरणारा चालकही येथे दुर्लक्षित राहत नाही. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेला माल कायद्याने व्यापारी हेतूचा मानलेला नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

८. निष्कर्ष

(१) कार्यक्षमतावर्धक भागांचा दर्जा वापरूनही सहज कळत नसल्याने या बाजारात सल्ला हा मालाचाच भाग असतो. (२) सल्ला चुकण्याचे कारण प्रत्येक वेळी फसवणूक नसते. पुष्कळदा चांगला भाग चुकीच्या गाडीला किंवा चुकीच्या वापरासाठी सुचविलेला असतो. (३) हितसंबंध उघड असणे, छापील खुणेशी ताळा जमणे, कायद्याच्या मर्यादेत असणे आणि लेखी देण्याची तयारी असणे या चार कसोट्यांवर सल्ल्याची विश्वसनीयता ठरते. (४) ग्राहक कसा प्रश्न विचारतो, यावर त्याला मिळणारे कायदेशीर संरक्षण अवलंबून असते.

९. शिफारशी

वाणिज्य शाखेत मालविक्री कायदा शिकविला जातो, भौतिकशास्त्रात घर्षण व प्रकाशाचे परावर्तन शिकविले जाते. परंतु विद्यार्थ्याच्या वाहनतळावरील गाडीशी या दोहोंचा संबंध क्वचितच जोडला जातो. महाविद्यालयातील ग्राहक मंचाने टायरची खूण, बिलाचा नमुना व वेष्टनावरील मजकूर वाचण्याचा एक तासाचा वर्ग घ्यावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील मिस्त्रींना वक्ते म्हणून बोलवावे, कारण त्यांच्याजवळील ज्ञान पुस्तकात नाही. जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांनी माल न विकता केवळ सल्ला देणारे केंद्र आठवड्यातून एक दिवस चालविल्यास, हितसंबंध नसलेला जाणकार सल्लागार हिंगोलीच्या ग्राहकास जिल्ह्यातच उपलब्ध होईल. तोपर्यंत दुकानात जाताना मालकपुस्तिका सोबत नेणे आणि परतताना पक्के बिल घेऊन येणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे.